आतून कडी

आमच्या बडोद्यातल्या, दांडिया बाजारातल्या घरात जिन्याखाली न्हाणीघर आहे. पाच फूट रुंद, साडेसहा फूट लांब. दारापाशी छत साडेआठ फुटांवर, आणि आत जाल तसं ते जिन्याच्या उताराबरोबर खाली येत येत शेवटच्या कोपऱ्यात छातीला लागतं. त्या कोपऱ्यात पूर्वी तांब्याचा बंब असायचा. संडास वेगळा, मागच्या चौकात. त्यामुळे ही खोली फक्त अंघोळीची आणि तोंड धुण्याची. एवढ्याशा या जागेला मी जवळजवळ काळाच म्हणावा असा निळा रंग दिला आणि दोन भिंतींवर बगळ्यांचा वॉलपेपर लावला. ज्यांनी नुसतं ऐकलं त्यांना ते पटलं नाही. ज्यांनी येऊन पाहिलं त्यांतल्याही निम्म्यांना अजून पटलेलं नाही. मला मात्र घरातल्या दुसऱ्या कुठल्याच कामाबद्दल इतकी खात्री कधी वाटली नव्हती.

सुरुवात हौसेने झाली नव्हती. ऑगस्ट २०२४च्या अखेरीस विश्वामित्री शहरात शिरली. आमच्या गल्लीपर्यंत नदी आली नाही, पण पावसाने उसंत दिली नाही आणि या जुन्या घराच्या भिंतींना जेवढं पाणी प्यायचं तेवढं त्या प्यायल्या. नवरात्र येईपर्यंत न्हाणीघराच्या टाइल्सवरच्या पट्ट्यातला रंग फुगला, मग पापडासारखा सुटला, आणि खालून पांढरी पीठ-पीठ भुकटी झडायला लागली. लोणा.

मी तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे लोण्याबद्दल माझ्या मनात रागापेक्षा कुतूहल जास्त आहे. विटेत, चुन्यात, वाळूत क्षार असतातच. पाणी त्यांना विरघळवतं आणि भिंतीच्या पृष्ठभागाशी आणतं. तिथे पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात आणि त्यांचे स्फटिक होतात. स्फटिक वाढताना जागा मागतो, आणि रंगाच्या थराला ढकलून ती मिळवतो. म्हणजे भिंत बाहेरून बिघडत नाही, ती आतून बोलते. तिच्यावर नवा रंग फासणं हे ताप आलेल्या मुलाला नवा सदरा घालण्यासारखं. आमच्याकडे तेच तीनदा झालं होतं. या वेळी मी ठरवलं, आधी विटेपर्यंत जायचं.

गेलो. पांढऱ्या चकचकीत टाइल्स १९८४ सालच्या, त्यांच्यामागे सिमेंट, त्यामागे मूळचा चुन्याचा गिलावा, आणि त्यातून जाणारा लोखंडी नळ, जो मिस्त्रीने बोटाने दाबला तर तुटला. पाऊस हे निमित्त होतं. भिंत कित्येक वर्षं थेंब थेंब त्या नळाचंच पाणी पीत होती. लोखंडाच्या जागी सीपीव्हीसी या प्लास्टिकचे नळ आले. जमिनीचा ढाळ नव्याने काढला. जलरोधक लेपाचे दोन हात मारून तो लेप भिंतीवरही चढवला, नळाच्या बाजूला पार वरपर्यंत. मग दाराशी छोटा बांध घालून दोन दिवस पाणी भरून ठेवलं आणि खडूने खूण केली. पाणी खुणेवरून हललं नाही तेव्हा मिस्त्रीच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलाचा असतो तसा होता. हे सगळं भिंतीच्या आत, टाइल्सच्या खाली गेलं आणि पुन्हा कुणाला दिसणार नाही. पण हे केलं नसतं तर पुढचं एकही अक्षर लिहिण्यात अर्थ नव्हता.

आता सासूबाईंबद्दल.

त्या १९६६ साली लग्न होऊन साताऱ्याकडच्या एका खेड्यातून या घरात आल्या. अठरा वर्षांच्या होत्या. घरात चौदा माणसं आणि जिन्याखाली मोरी. मोरीला दार नव्हतं, गोणपाटाचा पडदा होता. तो वाऱ्याने उडू नये म्हणून खाली एक वीट ठेवायची. पुरुषमाणसं उठायच्या आत, चार-सव्वाचारला, अंधारात घरातल्या बायकांच्या अंघोळी उरकायच्या. दिवा लावायचा नाही, कारण दिवा लावला की पडद्यावर सावली पडते. पाच वर्षं हे चाललं. मग मोरीला दार आलं, आणि दाराला आतून पितळी कडी. ती कडी बसली त्या दिवसाबद्दल सासूबाई इतक्या बारकाईने सांगतात, की स्वतःच्या लग्नाबद्दलही तितकं सांगत नाहीत. सुताराने किती घेतले, कडी आधी उलटी बसवली होती, पहिली अंघोळ कुणी केली. पहिली अंघोळ थोरल्या जावेने केली. सासूबाईंचा नंबर चौथा. "आत गेले, कडी लावली, आणि नुसती उभी राहिले," असं त्या सांगतात. "पाणी गार होईपर्यंत उभी राहिले."

हे मी त्यांच्या तोंडून अनेकदा ऐकलं होतं. पण टाइल्स उकरलेल्या त्या उघड्या-बोडक्या खोलीत उभी असताना ते पहिल्यांदा ऐकू आलं. आमची बैठकीची खोली तीनदा रंगवून झाली. दर वेळी 'लोक येतात' हेच कारण. स्वयंपाकघर दोनदा. न्हाणीघराला लोणा झाकण्यापुरता रंग, हौसेने कधीच नाही, कारण तिथे कुणी येत नाही. आणि मला वाटलं, कुणी येत नाही म्हणूनच तर. घरात एवढी एकच जागा आहे जिथे बाईमाणूस कडी लावतं आणि कुणी हाक मारली तरी 'अंघोळीला गेलेय' हे उत्तर पुरतं. बाकी सगळ्या भिंती पाहुण्यांसाठी रंगवल्या. ही भिंत कडीच्या आतल्या माणसासाठी रंगवायची.

सल्ले एकाच सुरात आले. पुण्याहून मुलगा म्हणाला, "आई, लहान बाथरूमला पांढराच." यांनी विचारलं, पुढे कधी घर काढावं लागलं तर? ओळखीतल्या एका अंतर्गत सजावट करणाऱ्या मुलीने मोबाइलवर दहा फोटो दाखवले, दहाही पांढरे. आणि मिस्त्री, जो स्वभावाने गोड आहे, तो डोकं हलवत म्हणाला, "बेन, आ तो भोंयरा जेवुं थई जशे." तळघर होऊन जाईल.

नुसतं सांगून मी त्यांना पटवू शकले नसते. मला तांबेकर वाडा आठवत होता.

रावपुऱ्यातला तो वाडा आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. भाऊ तांबेकर १८४९ ते १८५४ या काळात बडोद्याचे दिवाण होते. त्यांचा हा चार मजली लाकडी वाडा आता पुरातत्त्व खात्याकडे आहे. रस्त्यावरून जाणाऱ्याला आतलं काही कळत नाही. अरुंद जिन्याने वर जावं लागतं, आणि मग एकदम भिंती बोलायला लागतात. कृष्णलीला, पुराणातले प्रसंग, मराठे आणि इंग्रजांची लढाई, सगळं एकमेकांना खेटून. त्या खोल्या काही दरबार नव्हेत, साध्या घरच्या खोल्या आहेत. मी कॉलेजात असताना पहिल्यांदा तिथे गेले आणि बाहेर आल्यावर मैत्रिणीला खोलीची लांबी-रुंदी सांगता येईना. डोळा भिंत मोजायला जातो आणि वाटेतच चित्रात अडकतो. लहान खोलीला मोठी नक्षी पेलत नाही असं म्हणणाऱ्याने त्या वाड्यात एकदा अर्धा तास काढावा. एकोणिसाव्या शतकातल्या आपल्याच माणसांनी लहान खोली कशी भरायची याचं उत्तर देऊन ठेवलं आहे. आपण ते विसरलो आणि सगळीकडे पांढरा चुना फासला.

पांढऱ्याबद्दल माझं म्हणणं असं आहे. भरपूर उजेडाच्या खोलीत पांढरा उजेड परत फेकतो आणि खोली फुलते, हे खरं. पण आमच्या न्हाणीघराला एक वीतभर झरोका. उजेडच नाही तर पांढरा परत काय फेकणार? तो नुसता करडा होऊन बसतो. शिवाय पांढऱ्या खोलीत प्रत्येक कोपरा रेघ मारल्यासारखा दिसतो. इथे भिंत संपली, इथून छत उतरायला लागलं, इथे तुळई आडवी आली. डोळ्याला मोजायला आयतं माप मिळतं. गर्द रंगात कोपऱ्याची सावली आणि भिंत यांच्यात फरकच उरत नाही, म्हणून कोपरा विरतो. अट एकच: अर्धवट करायचं नाही. भिंतीला गर्द आणि छताला पांढरा दिला की ते पांढरं छत झाकणासारखं डोक्यावर येतं. मी जिन्याचा उतार, तुळई, दाराची आतली बाजू, झरोक्याची चौकट, सगळं एकाच निळ्यात बुडवलं. आता तो उतार कुठून सुरू होतो हे हात लावल्याशिवाय कळत नाही.

रंगाच्या दुकानात छटांना नंबर असतात. सासूबाईंनी पट्टी हातात घेतली, खिडकीशी नेली आणि एका चौकोनावर नख टेकवलं. "ही चंद्रकळा. उन्हात धरली की असाच निळा दिसतो तिच्यात." दुकानदाराने नंबर लिहून घेतला, आमच्या घरात तो रंग चंद्रकळाच आहे.

निळ्याची मला वेगळी काळजी होती. नव्या सिमेंटची भिंत अल्कधर्मी असते. वर्गात मी प्रशियन निळ्यावर कॉस्टिक सोड्याचे थेंब टाकून दाखवत असे. निळा बघता बघता जातो आणि तपकिरी गाळ उरतो. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये सापडलेला तो इतका देखणा रंग, पण चुन्यापुढे त्याचं काही चालत नाही. आता भिंतीच्या रंगात बहुधा थॅलोसायनिन निळा असतो, त्याला अल्कली बाधत नाही. तरी रंगाचं बंधन, म्हणजे ज्याने तो भिंतीला धरून राहतो ते, ओल्या आणि अल्कधर्मी भिंतीवर कच्चंच राहतं. म्हणून थांबायचं. गिलाव्याला अठ्ठावीस दिवस पाणी आणि वेळ देण्याची रीत आहेच. मी त्यापुढेही थांबले. दर रविवारी प्लास्टिकचा वीतभर चौकोन भिंतीला चारी बाजूंनी टेपने चिकटवायचा आणि दुसऱ्या दिवशी काढून बघायचा. आतून दव धरलं असेल तर भिंत अजून श्वास सोडते आहे. पहिल्या रविवारी थेंब ओघळले. तिसऱ्या रविवारी धुकं. दिवाळी अशीच गेली, घरभर कंदील आणि जिन्याखाली उघडी भिंत. चौकात पत्र्याचा आडोसा करून आम्ही सगळ्यांनी अंघोळी केल्या, अभ्यंगस्नानसुद्धा. डिसेंबरच्या कोरड्या हवेत एका सोमवारी प्लास्टिक काढलं तर आत काही नव्हतं. मी ते दोनदा बोटाने पुसून पाहिलं.

मग अल्कली सोसणारा प्रायमर, त्यावर गर्द रंगाखाली द्यायचा करडा हात, आणि मग निळ्याचे तीन हात. करड्या हाताबद्दल आग्रह धरावा. पांढऱ्या प्रायमरवर गर्द रंगाचे चार-पाच हात दिले तरी कुठेतरी खालून पांढरा डोकावत राहतो. आणि चकाकी कमी ठेवावी. जुन्या घराच्या भिंतीला उंचसखलपणा असतोच. चकचकीत रंग प्रत्येक उंचवट्यावर दिवा धरतो.

वॉलपेपरचं म्हणाल तर माझ्या मनात शंका होती ती विषाची, ओलीची नंतर. १७७५ साली शील या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने तांबं आणि आर्सेनिक यांच्यापासून एक हिरवा बनवला, आणि पुढे एकोणिसाव्या शतकात युरोपातली घरंच्या घरं त्या प्रकारच्या हिरव्या वॉलपेपरने सजली. ओल धरलेल्या भिंतीवर खळीला बुरशी येई आणि बुरशी त्या आर्सेनिकचा वायू करून खोलीत सोडी. गोझिओ या इटालियन वैद्याने शतकाच्या शेवटी ते दाखवून दिलं. तो वायू ट्रायमिथाइलआर्सिन आहे हे १९३०च्या दशकात पक्कं झालं. हे मी मुलांना गोष्टीसारखं सांगायची. आजच्या कागदात आर्सेनिक नाही, पण गोष्टीतला अर्धा भाग आजही तसाच आहे: भिंत, ओल, खळ, बुरशी. म्हणून न्हाणीघरात साधा कागद लावायचाच नाही. खाली न विणलेल्या धाग्यांचं अस्तर आणि वर व्हिनाइलचा थर असलेला, ओल्या फडक्याने पुसता येणारा घ्यायचा, आणि खळीत बुरशीनाशक हवं.

आणि जिथे पाणी उडतं तिथे तोही नको. इथे बालदी-तांब्याची अंघोळ आमच्या कामी आली. पाटावर बसून अंगावर पाणी घेतलं तर शिंतोडे अडीच फुटांच्या वर क्वचितच जातात. शॉवर मात्र डोक्याच्या वरून चारी भिंती भिजवतो. सासूबाईंना शॉवर नकोच होता. तेव्हा नळाची भिंत पूर्ण टाइल्सची, बाकीकडे तीन फुटांपर्यंत. टाइल्स मी फिक्या हस्तिदंती घेतल्या. आमच्याकडे बोअरचं पाणी जड आहे. गर्द टाइल्सवर त्याचे पांढरे डाग रांगोळीसारखे उठतात. गडदपणा पाणी पोचणार नाही तिथेच शोभतो.

कागदावर निळसर काळी भूमी, कमळाची मोठाली पानं, आणि त्यांच्यात उभे पांढरे बगळे. एकेक बगळा हातभर उंच. नमुना पुस्तकात पाहिला तेव्हा मलाही क्षणभर धाक वाटला होता.

गुंडाळी एकवीस इंच रुंद आणि दहा मीटर लांब असते, म्हणजे सत्तावन्न चौरस फूट. आमच्या दोन भिंतींचा कागदाचा भाग चाळीस फुटांच्या आसपास. एक पुरायला हवी, पण नक्षी मोठी असली की शेजारच्या पट्टीशी बगळ्याची मान जुळवण्यात बराच कागद कापून जातो. लावणाऱ्या कारागिराने मापं घेतली आणि म्हणाला, दाराच्या मागची जागा सोडू, तिथे नुसता रंग देऊ, एका गुंडाळीत काम होईल. दार आत उघडतं आणि त्या भिंतीला टेकतं. "बारणा पाछळ कोण जोवानुं छे, बेन?" दाराच्या मागे कोण बघणार आहे?

पैसे वाचत होते. मी तरी दोन गुंडाळ्या आणायला सांगितल्या. त्याला कारण सांगता आलं नाही.

त्याचं काम बघत मी दिवसभर चौकात खुर्ची टाकून बसले. त्याने कोपऱ्यावर भरवसा ठेवला नाही. जुन्या घराचा एकही कोपरा काटकोनात नसतो, म्हणून आधी ओळंबा सोडला, पेन्सिलची उभी रेघ मारली आणि पहिली पट्टी त्या रेघेला धरून लावली. खळ कागदाला नाही, भिंतीला. मग मऊ ब्रशने मधून बाहेर हवा काढत जायचं. उताराशी येऊन एका बगळ्याची मान कापली जाणार होती. त्याने पट्टी परत उचलली, दोन बोटं खाली सरकवली, आणि मान वाचली. कुणी सांगितलं नव्हतं त्याला. शेवटी टाइल्सच्या काठाशी पारदर्शक सिलिकॉनची बारीक रेघ, म्हणजे ओल खालून शिरणार नाही. झरोक्यात सहा इंची पंखा बसवला आणि दारावर पाटी लावल्यासारखा नियम केला: अंघोळीनंतर वीस मिनिटं पंखा चालू.

दिव्याने सगळं बिघडता बिघडता वाचलं. इलेक्ट्रिशियनने सवयीने पांढरा, ६५०० केल्विनचा दिवा लावला आणि चंद्रकळा पाटीसारखी करडी झाली. मला रडू यायचं बाकी होतं. दुसऱ्या दिवशी २७०० केल्विनचे दोन पिवळसर दिवे आणले, एक आरशाच्या बाजूला, एक बंबाच्या कोपऱ्यात खाली. निळा परत आला. बगळ्यांच्या पंखांना समईच्या उजेडासारखा रंग चढला. एवढीशी गोष्ट, पण गर्द रंग ठरवायच्या आधी दिवा ठरवावा असं मी आता सगळ्यांना सांगते.

मधे एक पावसाळा जाऊन आला. लोणा आलेला नाही. एका जोडाचं टोक जुलैत किंचित उचललं होतं, ते खळ घालून दाबलं. दाराच्या आतल्या बाजूला साबणाच्या हातांचे डाग पडतात आणि ते पांढऱ्यापेक्षा लवकर दिसतात, रोज पुसावे लागतात. जुना रंग काढला तेव्हा पितळी कडी चिंचेने घासून ठेवली होती, तीच परत बसवली. गडद निळ्यावर ती एकटीच चमकते.

काम पूर्ण झालं त्या दिवशी, जानेवारीत, मी सासूबाईंना हाताला धरून आत नेलं. त्या छताकडे बघत राहिल्या, एका बगळ्याला हात लावला, आणि म्हणाल्या, "फार अंधार केलास गं." बस, एवढंच. मला वाईट वाटलं, कारण या घरातल्या अंधारातल्या अंघोळी त्यांनीच केल्या होत्या, आणि मी त्यांना परत तिथेच नेऊन बसवलं की काय, असं मनात आलं. आठवडाभर मी ते मनातच ठेवलं.

मग लक्षात आलं की त्यांची अंघोळ लांबते आहे. आधी दहा मिनिटं असायची, साठ वर्षांची सवय. ती वीस झाली, मग अर्धा तास. पाणी पडल्याचा आवाज नसे. सकाळी यांना ऑफिसची घाई असताना दार बंदच. एकदा मी काळजीने दारावर टकटक केलं.

"आई, ठीक आहात ना?"

"आहे गं. बगळे मोजतेय. अकरा आहेत."

मी रोज ती भिंत पुसते. "नऊ आहेत, आई."

आतून जरा वेळ काही आलं नाही. मग त्या म्हणाल्या, "दोन दाराच्या मागे आहेत. कडी लावल्याशिवाय दिसत नाहीत."